नांगर ते ड्रॅग रेस: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आणि अपग्रेडचा खरा क्रम

ड्रॅग रेसचे रील तुम्ही नक्की बघितले असतील. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर सरळ ४०२ मीटरचा पट्टा, दिवा हिरवा झाला की सुटायचं. एका बाजूला मोठ्या व्ही-८ इंजिनची मसल कार. ॲक्सिलरेटर दाबला, मागचे टायर जागच्या जागी फिरले, धुराचा लोट उठला. आणि शेजारची कमी ताकदीची गाडी गुपचूप पुढे निघून गेली.

कॉमेंटमध्ये लगेच चर्चा सुरू होते, की ड्रायव्हर कच्चा होता. पण बऱ्याच वेळा चूक ड्रायव्हरची नसते, गाडी तयार करताना खर्च कुठे केला याची असते. सगळे पैसे इंजिनात गेले, आणि ती ताकद जमिनीपर्यंत पोहोचवणारी चॅसिस, सस्पेन्शन आणि टायर मात्र तसेच राहिले.

ताकद आहे पण ती जमिनीवर कशी उतरवायची, हा प्रश्न आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच सोडवला गेलाय. तेव्हा इंजिनच्या जागी बैल होते आणि गाडीच्या जागी नांगर होता. आज बघूया लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट. त्यांनी ड्रॅग रेस कधी बघितली नव्हती, पण त्यांच्या कामातून अपग्रेडचा क्रम फार छान समजतो.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र चित्रं काढण्यात आणि यंत्रांत. १८८५ साली वडिलांचा विरोध असताना ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि पैशाची सोयही त्यांनीच केली.

दोन वर्षांनी लक्षात आलं, की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? दुसरा कोणी असता तर गावाकडे परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यात रंग लागत नाही, माप आणि रेषा लागते. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. मोकळ्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करायचे. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. जे काही आलं ते मशीन उघडून, बंद करून आणि वाचून आलं.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावचं सायकलचं दुकान

बेळगावात दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं. नाव साधं, किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईत असताना तिथून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे. त्या काळी सायकल ही आजच्या सुपरबाईकइतकी नवलाची वस्तू होती. ती विकून भागत नसे, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवावं लागे. दुरुस्तीही तिथेच.

सायकल म्हणजे चॅसिसचा पहिला धडा आहे. माणसाच्या पायात ताकद असते ठरावीक. फ्रेम जड असेल तर ती ताकद वजन ओढण्यातच जाते. फ्रेम लवचिक असेल तर पॅडल मारताना ती वाकते आणि काही जोर तिथेच वाया जातो. गिअर चुकीचा असेल तर चढावर दम लागतो किंवा उतारावर पाय नुसतेच गरगरतात. म्हणजे इंजिन तेच, पण सांगाडा आणि गिअर बदलला की गाडी वेगळी वाटते.

मसल कारचंही हेच आहे. मस्टँग, कमॅरो यांसारख्या गाड्यांना आपल्या ट्रकसारखी पुढून मागपर्यंत जाणारी लांब लोखंडी चॅसिस नसते. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा. ताकद वाढवली की सुटताना ही बॉडी पिळवटते. दार लावायला त्रास होतो, छताजवळ पत्र्याला सुरकुत्या पडतात, आणि मुख्य म्हणजे दोन्ही मागच्या चाकांवर सारखा दाब राहत नाही. म्हणून पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या मजबूत पट्ट्या खालून वेल्ड करतात. त्यांना सबफ्रेम कनेक्टर म्हणतात. इंजिनच्या मानाने हा खर्च किरकोळ, पण फरक मोठा.

दोन वर्षं नांगर विकला जाईना

सायकलीच्या धंद्यातून लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आपल्याकडे तेव्हा लाकडी नांगर चालायचा. तो माती उकरतो, पण पूर्ण पलटत नाही. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा थर खालून कापतो आणि त्यामागचा वळवलेला पत्रा तो थर उलटा करून बाजूला टाकतो. तण गाडलं जातं, खालची माती वर येते.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्यांमध्ये समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं दुकानात माल पडून असणं म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्या घरातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

विक्री सुरू झाल्यावर दुसरी अडचण आली. सुरुवातीच्या नांगरांच्या फाळाचं टोक मऊ पडायचं आणि काळ्या, चिवट जमिनीत लवकर झिजायचं, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. इथे लक्ष्मणरावांना धातूचा प्रश्न सोडवावा लागला. नांगर मोठा करून किंवा जास्त बैल जुंपून तो सुटणारा नव्हता, कारण दोष टोकात होता.

हे जरा समजून घेऊया. बिडाचं ओतकाम हळूहळू थंड झालं तर धातू तुलनेने मऊ राहतो. तेच एखाद्या भागात झटकन थंड केलं तर तो भाग काचेसारखा कडक होतो. मग सगळा नांगरच कडक का नाही करायचा? कारण कडक वस्तू ठिसूळ असते. शेतात दगड लागला की दांडा फुटेल. म्हणून टोक कडक, दांडा चिवट. प्रत्येक भागाला त्याच्या कामाचा धातू.

ड्रॅग रेसमध्ये हाच हिशोब ड्राइव्हलाइनला लागतो. ड्राइव्हलाइन म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि ॲक्सल ही साखळी. साधे टायर घसरतात तोपर्यंत ही साखळी सुरक्षित असते, कारण जादाचा झटका टायर घसरण्यात निघून जातो. चिकट रेसिंग टायर लावले की तोच झटका थेट ॲक्सलवर येतो, आणि सगळ्यात कमजोर दुवा तुटतो. म्हणजे एक अपग्रेड पुढच्या कमजोर भागाचा पत्ता देतं. नांगराचं टोक झिजलं तसंच.

बैल तेच, मग काम जास्त कसं?

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

बैल दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या साधारण १० टक्के जोराने ओढू शकतो. खिलार जोडीचं वजन ९०० किलो धरलं तर ओढ झाली ९० किलो. काही क्षणांसाठी ती कितीतरी जास्त होते, पण दिवसभर नाही. नांगर याच ९० किलोत चालला पाहिजे. त्याहून जड ओढ लागली तर बैल दमतात, खूर घसरतात. म्हणून जास्त खोल नांगरटीला चार बैली, सहा बैली नांगर असायचे. अवजार निवडताना आधी तुमच्याकडे बैल किती, जमीन कोणती, हे बघायचं आणि मग नांगराचा आकार ठरवायचा. शर्यतीच्या छकड्याचं गणित याच्या उलट. तिथे ओढ क्षणभराचीच लागते, म्हणून छकडा होईल तितका हलका ठेवतात.

आता मसल कार घ्या. समजा गाडीचं वजन १,६०० किलो. इंजिन पुढे असल्याने मागच्या चाकांवर येतं साधारण ४५ टक्के, म्हणजे ७२० किलो. साध्या चांगल्या टायरची पकड त्याच्या ०.९ पट धरली तर जमीन झेलू शकते सुमारे ६५० किलो जोर. सुटताना वजन मागे झुकतं, त्यामुळे हा आकडा वाढून ८०० किलोच्या आसपास जातो.

इंजिनकडून येतं किती? टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून ९.५ पट. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. गुणाकार-भागाकार केला की चाकाच्या कडेला जोर येतो साधारण १,४५० किलो. वाटेत घर्षणात जाणारा भाग वजा केला तरी १,२०० किलोच्या पुढे.

म्हणजे जमीन घेऊ शकते ८००, आणि तुम्ही देताय १,२००. वरचे ४०० किलो धुरात जातात. आता याच गाडीला टर्बो लावला तर काय होईल? सुटताना फक्त धूर वाढेल. पुढे वेग आल्यावर वरच्या गिअरमध्ये त्या ताकदीचा उपयोग होईल, पण ड्रॅग रेसमध्ये पहिल्या काही मीटरमध्ये गेलेला वेळ भरून काढणं फार अवघड असतं.

नांगरात आणखी एक बारकावा आहे. जू आणि नांगर जिथे जोडले जातात तो बिंदू वर-खाली केला की फाळ कमी-जास्त खोल जातो. ओढ तेवढीच, पण जोडण्याची जागा बदलली की परिणाम बदलतो. मागच्या सस्पेन्शनचे दांडे गाडीला कुठे जोडलेत यावरही असंच अवलंबून असतं, की सुटताना टायर जमिनीत दाबले जातील की उचलले जातील. म्हणून ड्रॅगची गाडी बनवणारे या जोडाला अनेक भोकं ठेवतात आणि एकेक भोक बदलून चाचणी घेतात.

बेळगाव सुटलं, माळ मिळाला

नांगराचा जम बसत होता तोच नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. यंत्रं, भट्टी, माणसं, सगळं उचलून कुठे न्यायचं?

त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला देवळाच्या सभामंडपाचं बांधकाम करत होते. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं गाव, तेव्हाच्या संस्थानची राजधानी. तिथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलेचे दर्दी. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन देऊ केली, कर्जाचीही मदत केली. जमीन म्हणजे काय, उजाड माळ. निवडुंग आणि साप. पण रेल्वे शेजारी होती, म्हणजे लोखंड आणि कोळसा यायला आणि नांगर जायला वाट होती. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे.

लक्ष्मणरावांनी तिथे कारखान्याबरोबर गावही उभं केलं. बरोबर आलेले मोजके कामगार, त्यांची कुटुंबं, घरं, पाणी, शाळा. गावाचा कारभार रामूअण्णांनी सांभाळला, यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांनी. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवण्याइतका विश्वास लक्ष्मणरावांनी टाकला. पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळसा मिळेनासा झाला, तरीही भट्टी चालू ठेवायची खटपट सुरूच राहिली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी सुरू झालेलं किर्लोस्कर खबर हे पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरात गेलं.

या भागात ते एकटे नव्हते. सातारा रोडला, कोरेगाव तालुक्यात, धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही लोखंडी नांगर बनायचे. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रमुख होते. त्यांचा कारखाना पुढे नांगरावरून डिझेल इंजिनाकडे गेला. एकाच पट्ट्यात दोन कारखाने, दोघांची सुरुवात नांगरापासून.

इंजिन शेवटी आलं

किर्लोस्करवाडीच्या मालाचा क्रम बघा. कडबा कापायचं यंत्र, नांगर, मग उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र. १९२० च्या दशकात पाण्याचे पंप. पंप आले की ते फिरवायला ताकद हवी, म्हणून इंजिन आणि मोटार. १९४१ मध्ये हरिहरला लेथसारखी यंत्रं बनवणारा कारखाना. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना. तोवर धुरा लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्याकडे आली होती. ते अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आले होते.

म्हणजे ओतकाम, धातू, माप, माणसं यांची तयारी चाळीसेक वर्षं झाली, आणि मग मोठ्या प्रमाणावर इंजिनं आली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मग ड्रॅग कारचे पैसे कुठे आधी घालायचे?

वरच्या गोष्टीतून निघणारा क्रम असा:

१. टायर. मऊ रबराचे, बाजूची भिंत लवचिक असलेले ड्रॅग टायर. हवा कमी ठेवली की जमिनीला चिकटणारा भाग वाढतो. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच.

२. मागचं सस्पेन्शन. पाटे असतील तर जोर आल्यावर ते एस आकारात वळतात आणि चाक उड्या मारतं. ते रोखायला ट्रॅक्शन बार. पुढचे शॉक असे, की नाक पटकन उचललं जाईल आणि वजन मागे जाईल.

३. चॅसिस. सबफ्रेम कनेक्टर, आणि वेग वाढला की रोल केज. रोल केजमुळे सांगाडा कडक होतो आणि गाडी उलटली तर माणूस वाचतो. अधिकृत स्पर्धांमध्ये ठरावीक वेळेपेक्षा वेगवान गाडीला तो सक्तीचाच असतो.

४. ब्रेक आणि बेल्ट. ४०२ मीटर संपल्यावर थांबायचंही असतं.

५. ॲक्सल, क्लच, डिफरन्शियल. नव्या पकडीचा झटका झेलण्यासाठी. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल नसेल तर एकच चाक धूर काढत बसतं.

६. वजन. जादाचं सामान, जड सीट काढा. शक्यतो पुढचं वजन आधी कमी करा.

७. इंजिन. आता कॅम, टर्बो, ट्यूनिंग. आता घातलेला पैसा जमिनीपर्यंत पोहोचेल.

प्रत्येक टप्प्यानंतर गाडी पळवून वेळ मोजा. सुरुवातीच्या १८ मीटरची वेळ वेगळी लिहून ठेवा. ती कमी होत नसेल तर अडचण अजून पकडीत आहे, इंजिनात नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो

मसल कार आपल्यापैकी फार कमी जणांकडे असेल. पण १५० सीसीच्या बाईकला एक्झॉस्ट आणि रीमॅप करून पुणे-बंगळूर हायवेवर कराडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की पिळणारे पुष्कळ आहेत. टायर कंपनीने दिलेले, ब्रेक पॅड झिजलेले, चेन सैल. पहिला खर्च मात्र आवाजावर. वरचं गणित इथेही तेच लागतं. फक्त इथे बाजूने उसाची ट्रॉली येते आणि रोल केज नसतो.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे. हौस असेल तर बंद पट्ट्यावर करा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत. तिथे गाडीची आधी तपासणी होते, हेल्मेट-सूट बघतात, ॲम्ब्युलन्स उभी असते.

आणि कधी मिरज-पुणे रेल्वेने गेलात तर किर्लोस्करवाडी स्टेशन लागेल. पूर्वीचं कुंडल रोड ते हेच. तुमच्या गाडीवर पुढचा खर्च करण्याआधी एक छोटं काम करा. कागदावर टायर, ब्रेक, चेन किंवा क्लच, सस्पेन्शन, इंजिन अशी यादी लिहा आणि यातलं सगळ्यात कमजोर काय आहे त्यावर खूण करा. ती खूण कुठे पडली ते कॉमेंटमध्ये सांगा, पुढच्या लेखात त्याच भागाबद्दल सविस्तर बोलू.